सटवाजी चावीवाल्याची डोंगरलाइन

सटवाजी रिटायर झाला त्या दिवशी रेल्वेनं त्याच्याकडून हातोडा, पाना, लाल-हिरव्या झेंड्या आणि नारंगी जाकीट परत घेतलं. पाय तेवढे परत घ्यायचे राहून गेले, आणि पुढची सगळी भानगड त्या पायांनी केली.

चौतीस वर्षं हा माणूस चुडावा स्टेशनाच्या हद्दीत रुळावरून चालला. काम चावीवाल्याचं. उजाडायच्या आत खांद्यावर हातोडा टाकून निघायचं, सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं, आणि रुळाला स्लीपरवर धरून ठेवणारी एकूण एक चावी नजरेखालून घालायची. ढिली दिसली की ठोकायची. नुसत्या आवाजावरून त्याला रुळाची तबियत कळायची. ‘ठण’ आला तर बिनघोर पुढं जायचं. आवाज बसका आला तर बसून बघायचं. वरून रोज हजारो माणसं झोपेत निघून जायची आणि त्यातल्या एकालाही सटवाजी नावाचा माणूस खाली आहे हे ठाऊक नसायचं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. एकच रुखरुख होती. चौतीस वर्षांत लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची पाळी त्याच्यावर एकदाही आली नव्हती. आली नाही हे चांगलंच झालं, हे त्यालाही कळत होतं. तरी पण.

क्वार्टर सोडल्यावर तो आणि कडूबाई राणीसावरगावला राहायला आले. ते कडूबाईचं माहेर. बापानं तिच्या नावावर डोंगराच्या पायथ्याशी दोन एकर आणि दोन खोल्या ठेवल्या होत्या. शेजारीच तिचा भाऊ बन्सीधर. त्यानं पहिल्याच दिवशी मेहुण्याला चहा पाजला आणि चहाबरोबर टोमणाही.

“दाजी, लोकं पंचविशीत घरजावई व्हतेत. तुमी साठीत झालाव.”

“उशीर झाला खरा,” सटवाजी म्हणाला. “गाडी लेट व्हती.”

दुसऱ्या दिवशी पहाटे सटवाजी सवयीनं उठला, तोंड धुतलं आणि निघायचं कुठं हेच त्याला कळेना. मग तो अंगणात चालायला लागला. जात्यापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून जात्यापर्यंत. मध्येच वाकून खाटेच्या पायाला ठोकून बघायचा. चौथ्या दिवशी त्यानं चुलीवरच्या तव्याला ठोकून बघितलं तेव्हा कडूबाईनं हात जोडले.

“अवो, चौतीस वर्सं रूळ तुमच्या पायाखाली व्हते, आता काय माझं डोस्कं घालू का? मागं एवढा मोठा डोंगर पडलाय. जावा की त्याच्यावर!”

बायकोचा हुकूम आणि मुकादमाचा हुकूम यांत सटवाजीनं कधी फरक केला नव्हता. तो गेला.

डोंगर म्हणजे बालाघाटाचा एक फाटा. सह्याद्री बघून आलेला माणूस त्याला टेकाड म्हणेल. पण परभणीच्या सपाट मुलखात वाढलेल्या माणसाला उड्डाणपूल चढतानासुद्धा धाप लागते, त्याला हा डोंगर पुरेसा उंच आहे. अंगावर धावडा, पळस, हिवर आणि सीताफळीची झुडपं. वर सपाट माळ, त्याच्या कडेला एक झरा. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पावसाळ्यात त्या झऱ्याच्या धारेचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला, आणि तेव्हापासून दर रविवारी परभणी, नांदेड, लातूरकडची माणसं यायला लागली होती. गावाला कौतुक होतं. डोंगराला मात्र ते सोसत नव्हतं.

जुनी वाट गुरांनी पाडलेली. गुरं शहाणी असतात, ती चढाला कधी सरळ भिडत नाहीत. वळत वळत, उतार मोडत वर जातात. रविवारच्या माणसांना एवढा दम कुठला? ती वळणं टाळून सरळ वर चढायची आणि येताना त्याच उतारावरून घसरत, किंचाळत, हसत खाली यायची. तिथलं गवत गेलं, मग माती गेली आणि पावसानं त्या रेषेची चांगली पुरुषभर घळ केली. घळीतली सगळी माती खालच्या पाझर तलावात जाऊन बसली. त्या तलावाच्या पाण्यावर बन्सीधरची विहीर. ती माघातच तळ दाखवायला लागली होती.

सटवाजी घळीच्या तोंडाशी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर कामाची कळा आली.

“पाणी हाय हे,” घरी येऊन त्यानं सांगितलं. “माणसं निमित्त. रुळाचा पयला दुश्मन पाणीच. पाण्याला वाट दिली की ते आपली वाट सोडतंय.”

“आता डोंगराला चाव्या ठोकणार का?” बन्सीधरनं विचारलं.

सटवाजीनं लोहाराकडून एक हातोडा करवून घेतला आणि खरंच ठोकायला लागला. वाटेवर दर पंधरा-वीस पावलांवर दगडांची तिरपी ओळ बसवायची, म्हणजे पावसाचं पाणी वाटेनं धावत न जाता बाजूच्या गवतात वळतं. घळीत आडवे दगड रचायचे, म्हणजे माती अडते. रुळाखालच्या खडीचं आयुष्यभर जे केलं, तेच इथं. तीन महिने त्याचा दिवस डोंगरावरच गेला. बन्सीधर खालून ओरडायचा, “दाजी, गाडी कधी सुरू व्हनार?” आणि हा वरून हात हलवायचा.

गाडी सुरू होईना, कारण माणसं ऐकेनात. सटवाजीनं घळीच्या तोंडाला बोरीच्या काट्या लावल्या, लोकांनी त्या उचलून बाजूला टाकल्या. त्यानं पाटी लावली, ‘सावधान, पुढे काम चालू आहे’. लोकांनी पाटीला टेकून फोटो काढले. एकदा तो स्वतः आडवा उभा राहिला, तर एका गृहस्थानं त्याला पाण्याची बाटली धरायला दिली आणि तसाच सरळ वर गेला.

इलाज सापडला तो चुकून. एका रविवारी परभणीच्या मधुवंतीबाई म्हणून शाळेतल्या शिक्षिका पोराबाळांना, नणंदेला आणि नणंदेच्या पोरांना घेऊन आल्या होत्या. दुसऱ्याच वळणावर त्यांनी बैठक मारली.

“काका, अजून किती राहिलंय हो?”

सटवाजीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “आता तुमी पिंगळीत हाव. फुडं मिरखेल, पूर्णा, चुडावा, लिंबगाव, मग नांदेड.”

बाई हसल्या. पोरं त्याहून हसली. “मग खाली परभणी होती?” धाकट्यानं विचारलं. सटवाजीनं मान डोलावली. त्याबरोबर ती सगळी पलटण ‘चला मिरखेल, चला मिरखेल’ करत वळणावरून धावत सुटली आणि मिरखेल आल्यावर पूर्णेसाठी धावली. घळीकडं एकानंही बघितलं नाही. बाईंनी उठून पदर खोचला आणि त्याही निघाल्या.

सटवाजी जागीच उभा राहिला. माणसाला लांब वाटेचा कंटाळा नसतो, पुढचं स्टेशन कुठलं हे माहीत नसल्याचा कंटाळा असतो, हे त्याच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चुन्याची बादली भरली आणि सात वळणांवरच्या सात मोठ्या दगडांवर सात स्टेशनं लिहिली. पायथ्याला परभणी, माथ्याला नांदेड. झऱ्याकडं फाटा फुटतो तिथं पूर्णा जंक्शन. चुडाव्याला त्यानं बसायला दगडी बाक केला. खऱ्या चुडाव्याला कितीतरी गाड्या न थांबता धडाडत निघून जातात, हे त्याच्या मनाला जन्मभर लागलेलं होतं. इथं मात्र चुडाव्याला सगळ्यांनाच थांबावं लागायचं, कारण चौथ्या वळणानंतरचा चढ तसाच होता.

ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. लोक चुन्याच्या दगडाशेजारी उभे राहून फोटो काढायला लागले आणि सातही फोटो पाहिजेत म्हणून सातही वळणं चालायला लागले. एक जण मिरखेलवरून बायकोला फोन करून सांगत होता, “अगं, पूर्णा सोडलं की फोन करतो.” ती घाबरली. सकाळी डोंगरावर जातो म्हणून गेलेला नवरा दुपारी रेल्वेत कसा, हे तिला कळेना. तिची समजूत घालता घालता तो नांदेडला पोचला.

दोन पावसाळे गेले. घळीत कुसळी गवत उगवलं, मग सीताफळीची रोपं. त्या वर्षी बन्सीधरची विहीर फाल्गुनापर्यंत टिकली. पाऊसही बरा झाला होता, त्यामुळं सगळं श्रेय सटवाजीला देता येणार नाही. पण बन्सीधरनं दिलं. तोंडानं दिलं नाही. एका सकाळी तो फावडं घेऊन वर आला आणि म्हणाला, “दाजी, कुटला दगड हलवायचाय?”

नचिकेत मात्र त्याआधीच, हिवाळ्याच्या सुरुवातीला आला होता. परभणीच्या एका कॉलेजात खेळ शिकवणारा, पस्तिशीचा, काटक गडी. त्याला डोंगरातल्या धावण्याच्या शर्यतींचं वेड. कुठं कुठं जाऊन धावून यायचा, आणि आपल्या जिल्ह्यात अशी शर्यत व्हावी असं त्याच्या मनानं घेतलं होतं. ग्रामपंचायत आनंदानं हो म्हणाली. सरपंचांनी सांगितलं, तेवढं एकदा डोंगरावरच्या स्टेशनमास्तरला विचारून घ्या.

“मी मास्तर न्हाई, चावीवाला हाय,” सटवाजीनं आधी दुरुस्ती केली. “किती माणसं पळणार?”

“तीनशे तरी येतील, काका.”

“जमायचं न्हाई. सिंगल लाइन हाय. शंभर.”

“काका, शंभरात शर्यतीला रंग येत नाही.”

“आणि तीनशेत डोंगराला येत न्हाई. पाऊस उघडून म्हैना झालाय, माती अजून बसली न्हाई सर. सहाशे पाय एका दिवसात पडले तर माझे दोन वर्सं गेले.”

नचिकेतनं घळीकडं बोट दाखवलं. “बरं, शंभर. पण उतरताना या सरळ उतारानं सोडू या? धावणाऱ्याला उतारात खरी मजा असते.”

सटवाजीनं नचिकेतला घळीपाशी नेलं, गुडघ्यावर बसवलं आणि गवत बाजूला सारून एक बोटभर सीताफळीचं रोप दाखवलं. “ह्याला इचारा,” म्हणाला.

नचिकेत समजूतदार होता, आणि त्याचे गुडघेही दुखत होते. तह ठरला. शंभर माणसं, सात स्टेशनांनी वर, माळावरून वळसा, आणि झऱ्याच्या अंगच्या जुन्या पायवाटेनं खाली. वाटेत कागदी पेला नाही, प्लास्टिक नाही. ज्यानं त्यानं आपली बाटली आपल्या पाठीवर न्यायची आणि परत आणायची. जो काही टाकेल तो बाद. बाद करायची ही शेवटची अट सटवाजीनं घातली होती, आणि शर्यतीच्या भाषेतली ती अट ऐकून नचिकेतचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

शर्यतीच्या दिवशी सटवाजी अंधारातच उठला. कडूबाईनं भाकर आणि ठेचा एका लाल फडक्यात बांधून दिला. खाली मांडव, भोंगा, चहा, छातीवर नंबर लावलेली माणसं. हा त्या गर्दीत थांबला नाही. शर्यत सुटायच्या आत सगळी लाइन एकदा चालून बघायची, हे त्याचं आधीच ठरलं होतं. चढाची सातही स्टेशनं ठाकठीक होती. माळ ओलांडून तो झऱ्याच्या वाटेनं उतरायला लागला, दर दहा पावलांवर खडकाळ वाटेवर हातोडा ठोकत. ठण. ठण. ठण.

हिवराच्या मोठ्या झाडाखाली आवाज आला, डब.

तो थांबला. पुन्हा ठोकलं. डब डब. बसून बघितलं. वाट वरून तुळतुळीत, पण कडेच्या कपारीत माती नुकती उकरलेली, आणि मातीत दोन काळेपांढरे काटे पडलेले. सायाळ. पावसानंतर तिनं बरोब्बर वाटेच्या खाली घर केलं होतं, आणि आता वर उरला होता वीतभर मातीचा पापुद्रा. एक माणूस हळू गेला तर निभलं असतं. उतारावरून सुसाट येणारी शंभर माणसं गेली तर कुणाचा तरी पाय मोडणार, आणि सायाळीच्या डोक्यावर छप्पर कोसळणार.

त्यानं खिशातून मोबाइल काढला. त्या खबदाडात रेंज कधीच नसायची, आजही नव्हती. तेवढ्यात खालून भोंग्याचा आवाज आला आणि मागून टाळ्यांचा. शर्यत सुटली होती.

आता सटवाजीनं जे केलं ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आधी वरच्या अंगानं दगडांतून दुसरी वाट शोधली, झाडाला वळसा घालून पन्नास-साठ पावलांची. तिथल्या काट्या सारल्या, हलणारे दगड पक्के केले. मग तो वाटेनं शंभर पावलं वर आला. भाकर सोडून दगडावर ठेवली, लाल फडकं हातोड्याच्या दांड्याला बांधलं आणि वाटेच्या मधोमध उभा राहिला. चौतीस वर्षांत आली नव्हती ती पाळी आज आली होती, तीही रिटायर झाल्यावर, भाकरीच्या फडक्यानं.

पहिला आला तो योगीराज. परभणीत बँकेत कारकून, आठवड्याला शंभर किलोमीटर धावणारा, गुडघ्यापर्यंत मोजे, डोळ्यांवर गॉगल. मागच्यापेक्षा चांगला दीडशे पावलं पुढं होता.

“काका, बाजूला व्हा!”

सटवाजीनं दोन्ही हातांनी फडकं आडवं हलवलं.

“काका! साइड!”

“लाल हाय!” सटवाजी अशा आवाजात ओरडला की झाडावरचे होले उडाले. योगीराज टाचा रोवत, खडी उडवत, सटवाजीच्या नाकापासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

“काय लाल आहे? शर्यत चालू आहे माझी!”

“फुडं लाइन खराब हाय. खालून सायाळीनं पोखरलंय. इकडून वरून जायचं. पळायचं न्हाई, चालत. कॉशन ऑर्डर हाय, गाडी हळू न्यायची.”

“अहो, मी सकाळपासून पहिला आहे!”

“कोण न्हाई म्हणतंय? ज्या नंबरानं गाडी आली त्याच नंबरानं सुटंल. मागच्याला मी तुमच्यात जेवढं अंतर व्हतं तेवढं मोजून सोडतो. माझ्या मोजण्यात चूक व्हत न्हाई.”

मागचा आला, त्याच्या मागचा आला. ते दोघं निमूट थांबले. योगीराजला मात्र हे पटेना. कालपर्यंत धड असलेली वाट आज खराब कशी होईल? “ही बघा, काय झालंय हिला?” म्हणत तो तरातरा हिवराखाली गेला आणि त्यानं वाटेवर पाय आपटून दाखवला.

वाटेनं लगेच उत्तर दिलं. योगीराजचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. मग जमिनीखालून आवाज आला, कुणीतरी सुपात बांगड्या पाखडाव्यात तसा. खर्रर, खर्रर.

“काका, आत काय आहे?” योगीराजचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“घरमालकीण हाय,” सटवाजी म्हणाला. “हलू नका. उठवली तुमी तिला.”

त्यानं आणि मागच्या दोघांनी मिळून योगीराजला काखेतून धरून वर ओढला. पाय आला, मोजा आला, बूट आतच राहिला. पायाला खरचटलं होतं, त्यापलीकडं काही नाही. योगीराज खाली बसला, भोकाकडं बघितलं, मग सटवाजीकडं, आणि अचानक त्याला हसू फुटलं. ते थांबेना. मागचे दोघंही हसायला लागले.

“काका,” डोळे पुसत तो म्हणाला, “आता हिरवी दाखवा.”

हिरवं काही नव्हतं. सटवाजीनं हिवराची एक डहाळी मोडली आणि ती हलवून त्याला सोडलं. मागच्यांना अंतर मोजून, एकेक करत. त्या दिवशी शंभरच्या शंभर माणसांनी धावण्याच्या शर्यतीत साठ पावलं हात मागं बांधून चालून काढली, आणि नंतर ज्यानं त्यानं आपापल्या घरी शर्यतीतलं बाकी काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं.

योगीराज एका बुटावर तिसरा आला. बक्षीस वाटताना नचिकेतनं भोंग्यावरून सटवाजीला पुढं बोलावलं. तो येईना. शेवटी कडूबाईनंच त्याला दंडाला धरून मांडवात आणला. नचिकेतनं त्याला नवं नारंगी जाकीट घातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. सटवाजीनं जाकिटाची बटणं लावली, मान खाली घातली आणि ती बराच वेळ वर केली नाही.

घरी येताना कडूबाईनं विचारलं, “फडकं तर हातात हाय. भाकर कुटं हाय?”

“दगडावर ठिवली व्हती.”

“खाल्ली का?”

“वानरानं.”

कडूबाई वाटेत उभी राहिली आणि पोट धरून हसली. मग घरी गेल्यावर तिनं चूल पेटवली आणि दुसरी केली.

सायाळीचं घर तसंच ठेवलं. वरची वाट आता पक्की झाली आहे. भोक बुजवायला निघालेल्या बन्सीधरला सटवाजीनं अडवलं, “आपून तिच्या दारात शर्यत भरवली, तिनं न्हाई आपल्या.” योगीराज महिन्याभरानं बूट शोधायला आला होता, तो सापडला नाही. पण तो आता रविवारी येतो, दगड उचलतो आणि चुडाव्याच्या बाकावर बसून डबा खातो.

यंदा जिंतूरकडच्या एका गावानं नचिकेतच्या मार्फत निरोप पाठवला. त्यांच्याही डोंगराला लोकांनी घळी पाडल्या आहेत, सटवाजीनं येऊन लाइन टाकून द्यावी. सटवाजीनं पिशवी भरली. कडूबाई म्हणाली, एकट्याला सोडलं तर हा माणूस तिथंच कुणाचा तरी घरजावई होईल, म्हणून तीही निघाली. गंगाखेडहून रेल्वेनं जाताना तिनं त्याला खिडकीजवळ बसवलं. परभणी जवळ आली तेव्हा त्यानं खिडकीतून वाकून बघितलं. रुळाच्या कडेनं एक तरणा चावीवाला खांद्यावर हातोडा टाकून बाजूला उभा होता. सटवाजीनं त्याला हात केला. गाडी वेगात होती, त्याला हात दिसला की नाही कोण जाणे.

“वळखीचा हाय का?” कडूबाईनं विचारलं.

“न्हाई,” सटवाजी म्हणाला आणि नीट बसला.